‘उणे ९.८’ आलं, पुढे काय? फ्लूच्या एन्झाइमवर औषध घडवताना

खानापूर तालुक्यातली, बेळगावात एम.फार्म. करणारी एक विद्यार्थिनी विचारते: “सर, पश्चिम घाटातल्या वनस्पतींमधले चाळीस रेणू मी फ्लूच्या न्यूरामिनिडेजवर डॉक केले. रुटिनला वीनामध्ये उणे ९.८ स्कोअर आला, ऑसेलटामिवीरला उणे ७.२ च. म्हणजे रुटिन टॅमिफ्लूपेक्षा चांगलं ना? पेपर लिहायला घे म्हणतात, पण मला पटेना. की न्यूरामिनिडेज सोडून पीए एन्झाइम घेऊ? इंग्रजीत वाचते, पण आत नेमकं काय चाललंय ते डोक्यात बसत नाही. मराठीत सांगाल काय?”

तुला पटेना, हीच या प्रश्नातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. उत्तर आधी सांगून टाकतो: नाही, त्या आकड्यावरून रुटिन टॅमिफ्लूपेक्षा चांगलं ठरत नाही. पेपर आत्ता लिहू नकोस. पण काम सोडूही नकोस, त्यात अजून बरंच करण्यासारखं आहे. मी वीस-बावीस वर्षं औषध कंपन्यांत रेणू घडवण्याचं काम केलं, त्यातली बरीच वर्षं विषाणूंच्या एन्झाइमवर गेली. त्या कामात जे पदरात पडलं तेवढंच सांगतो.

आधी तो आकडा बघूया. डॉकिंग म्हणजे रेणू एन्झाइमच्या खोबणीत कसा बसेल याचा संगणकाने बांधलेला अंदाज; वीना ही त्याची आज्ञावली, आणि स्कोअर जितका जास्त उणे तितकी पकड घट्ट. ऑसेलटामिवीर म्हणजेच टॅमिफ्लू. वीनाचा स्कोअर किलोकॅलरी प्रति मोलमध्ये असतो. २५ अंश सेल्सिअसला १.३६ किलोकॅलरीचा फरक म्हणजे पकड दहापट घट्ट नाहीतर दहापट सैल. तुझ्या दोन रेणूंत फरक २.६ चा आहे, म्हणजे रुटिन जवळपास ऐंशी पट घट्ट बसतं असा त्याचा सरळ अर्थ. आता वीना ज्यांनी बनवलं त्यांनीच दिलेली त्याची प्रमाण चूक सुमारे २.८ किलोकॅलरी आहे. तुझा अख्खा फरक त्या चुकीच्या पोटात मावतो. त्याहून मोठी गोष्ट तुझ्याच निकालात दिसते आहे. ऑसेलटामिवीरचं क्रियाशील रूप हे एन्झाइम एक नॅनोमोलरच्या आसपास, म्हणजे अगदी थोड्या प्रमाणात, अडवतं, हे जगभरच्या प्रयोगशाळांनी मोजलेलं आहे. तेवढी पकड ऊर्जेत मांडली तर उणे १२ च्या पुढे जाते. वीनाने दाखवलं उणे ७.२. ज्या रेणूचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे, तिथेच गणित पाच किलोकॅलरींनी कमी पडलं. मग ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही त्याच्या ९.८ वर किती विसंबायचं?

रुटिनला मोठा आकडा का आला तेही सांगतो. हायड्रोजन सोडून अणू मोजलेस तर रुटिनमध्ये ४३ आहेत, ऑसेलटामिवीर कार्बोक्झिलेटमध्ये २०. अणू वाढले की एन्झाइमला चिकटणाऱ्या जागा वाढतात आणि स्कोअर फुगतो. दर अणूमागे हिशेब कर: रुटिनचं ०.२३ येतं, ऑसेलटामिवीरचं ०.३६. मोठ्या ग्लायकोसाइडना, म्हणजे साखर जोडलेल्या रेणूंना, डॉकिंगमध्ये नेहमीच असं झुकतं माप मिळतं. वनस्पतीजन्य रेणूंच्या यादीत शेवटी रुटिन, हेस्पेरिडिन असेच मोठे रेणू वर येतात, मग एन्झाइम फ्लूचं असो नाहीतर मधुमेहाचं. एकच नाव सगळ्या कुलपांना लागू पडायला लागलं की दोष नावात नसतो, मोजपट्टीत असतो.

आणखी एक विचारतो, रागावू नकोस. तू डॉक केलेलं ऑसेलटामिवीर नेमकं कुठलं? डेटाबेसमध्ये त्या नावाने शोधलं की जे चित्र मिळतं ते बहुतेक वेळा कॅप्सूलमधल्या रूपाचं असतं, म्हणजे एथिल एस्टरचं. ते रूप एन्झाइमवर फारसं कामच करत नाही. यकृतातलं कार्बोक्झिलएस्टरेज तो एथिलचा तुकडा कापून टाकतं, तेव्हा मोकळा कार्बोक्झिलेट गट मिळतो आणि तोच खोबणीतल्या तीन आर्जिनिनना जाऊन धरतो. एस्टर डॉक केलास तर तू औषध नव्हे, औषधाचं वेष्टण तोललंस. हीच चूक मी चाचणीच्या टेबलावरही पाहिली आहे: कॅप्सूल फोडून पावडर विरघळवायची, कंट्रोल म्हणून वापरायची, आणि कंट्रोल चालत नाही म्हणून एन्झाइमला दोष द्यायचा.

आता आत काय चाललंय त्याकडे येऊ. माझे वडील बेळगावच्या उद्यमबागला टूलरूममध्ये होते. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचा स्पूल आणि त्याचं बोअर बसवताना ते ड्रॉइंगवर कधी थांबत नसत. स्पूलला प्रशियन ब्लूचा पातळ हात द्यायचे, आत सरकवायचे, अर्धा वेढा फिरवून बाहेर काढायचे आणि खिडकीशी उजेडात धरायचे. जिथे निळं पुसलंय तिथे धातू धातूला लागतोय, जिथे निळं शिल्लक आहे तिथे फट आहे. त्याला ब्लू मॅचिंग म्हणतात, उद्यमबागेत कुणालाही विचार. डॉकिंग हे ड्रॉइंग आहे. एन्झाइम आणि रेणू एकत्र स्फटिकात घेऊन क्ष-किरणांनी काढलेली रचना म्हणजे ब्लू मॅचिंग. फ्लूची औषधं घडली ती या दुसऱ्या रीतीने.

न्यूरामिनिडेजचं काम साधं आहे. विषाणू पेशीला धरतो तो हिमाग्लुटिनिन या प्रथिनाने, आणि धरतो ते पेशीवरच्या साखर-साखळीच्या टोकाला असलेलं सियालिक आम्ल. आत जाऊन त्याच्या प्रती तयार झाल्या की त्या बाहेर पडताना त्याच सियालिक आम्लाला अडकून बसतात. न्यूरामिनिडेज ते टोक कापतं आणि विषाणूची सुटका करतं. श्वासनलिकेतल्या चिकट स्रावातही तेच सियालिक आम्ल ठासून भरलेलं असतं, त्यातून वाट काढायलाही हीच कात्री लागते. कात्री थांबली की नवे विषाणू जन्मले तिथेच गुठळ्या करून राहतात.

ही कात्री चार सारख्या भागांची असते, प्रत्येक भागात सहा पाती पंख्यासारखी मांडलेली आणि मधोमध खोबण. १९८३ साली ऑस्ट्रेलियात कोलमन, व्हर्गीस आणि लेव्हर यांनी तिची रचना उलगडली. लेव्हर प्रोनेज नावाच्या एन्झाइमने विषाणूच्या पृष्ठावरून न्यूरामिनिडेजची डोकी छाटून घेत आणि त्यांचे स्फटिक बनवत. ग्रेट बॅरियर रीफवरच्या समुद्रपक्ष्यांतून मिळवलेल्या विषाणूच्या न्यूरामिनिडेजचे स्फटिक तर पुढे फार कामी आले. त्या रचनेतून एक गोष्ट समोर आली, ती तू वहीत पहिल्या पानावर लिहून ठेव: विषाणूच्या जातीगणिक न्यूरामिनिडेजचा बाहेरचा भाग खूप बदलतो, पण खोबणीतले अमिनो आम्ल जवळपास तेच राहतात. ते बदलले तर कात्री बोथट होते. औषधाने जायचं ते तिथेच.

पहिला धागा त्याआधीच हातात होता. १९६९ मध्ये व्हिएन्नात माइंड्ल आणि टुपी यांनी डाना नावाचा रेणू बनवला होता, सियालिक आम्लातून पाण्याचा एक रेणू काढून. कापण्याच्या ऐन क्षणी साखरेचं वलय थोडं सपाट होतं. डानामध्ये दुहेरी बंध आहे, म्हणून ते तसं सपाट राहतं आणि एन्झाइम फसतं. पण पकड मायक्रोमोलर पातळीची, औषधाला अपुरी. रचना मिळाल्यावर मार्क फॉन इट्झस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर ग्रिड ही आज्ञावली चालवली. वेगवेगळे रासायनिक गट खोबणीत फिरवून कुठला कुठे रमतो ते ती दाखवते. वलयाच्या चौथ्या कार्बनजवळ, जिथे डानाला नुसता हायड्रॉक्सिल आहे, तिथे खाली एक रिकामी जागा दिसली. तिच्या भिंतींवर ऋणभारित आम्लं होती: ११९ आणि २२७ क्रमांकांची ग्लुटामेट, शेजारी १५१ क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टेट. ऋणभाराला धनभार हवा. हायड्रॉक्सिल काढून अमिनो गट बसवला, पकड वाढली. मग अमिनोच्या जागी ग्वानिडिनो घातला, तो मोठा, पसरट आणि पक्का धनभारित. पकड डानाच्या काही हजार पटींवर गेली. हेच झानामिवीर. १९९३ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं आणि १९९९ मध्ये औषध बाजारात आलं.

इथे संगणकाने काय केलं ते बघ. त्याने स्कोअर देऊन विजेता नेमला नाही. “इथे जागा रिकामी आहे आणि इथे धनभार चालेल” एवढंच सांगितलं. पुढचं संश्लेषण, मोजणी आणि स्फटिक माणसांनी केले. तू डॉकिंगकडे तसं बघ. यादी लावायला नको वापरूस, प्रश्न विचारायला वापर.

झानामिवीरची अडचण वेगळी होती. इतका ध्रुवीय रेणू आतड्यातून रक्तात जात नाही, तोंडाने घेतलेल्यातला दोनेक टक्के जेमतेम पोचतो. म्हणून ते पावडर करून श्वासावाटे ओढावं लागतं, आणि दमेकऱ्याला ते त्रासाचं. गिलिअडमध्ये चुंग किम, बिशोफबर्गर आणि त्यांच्या चमूने ही गाठ सोडवली. साखरेचं वलय काढून सहा कार्बनचं वलय घेतलं. ग्वानिडिनोच्या जागी साधा अमिनो ठेवला. आणि ज्या बाजूला सियालिक आम्लाला पाण्याची आवड असलेलं ग्लिसरॉलचं शेपूट असतं, तिथे तेलकट ३-पेंटिल गट लावला. कार्बोक्झिलेटवर एस्टरचं झाकण चढवलं. १९९७ मध्ये छापलेला हा रेणू १९९९ च्या अखेरीस रोशने टॅमिफ्लू म्हणून विकायला आणला. तोंडाने घेतलेल्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग क्रियाशील रूपात रक्तात पोचतो.

तो तेलकट पेंटिल गट पाण्याच्या जागी बसलाच कसा? ब्लू मॅचिंग केल्यावर कळलं. तिथलं २७६ क्रमांकाचं ग्लुटामेट अंग चोरून वळतं, २२४ च्या आर्जिनिनला धरतं, आणि त्याच्या वळण्याने एक तेलकट कप्पा तयार होतो. रेणू येण्याआधी तो कप्पा नसतोच. रचना घट्ट धरून केलेल्या डॉकिंगला हे कधीच दिसणार नाही.

आणि नेमकी इथेच विषाणूला पळवाट मिळाली. ग्लुटामेट वळायला शेजारी जागा लागते. शेजारी हिस्टिडिन आहे, एन१ या न्यूरामिनिडेज प्रकाराच्या क्रमांकनात २७५ वं. त्याच्या जागी टायरोसिन आलं की ते अवजड अंग ग्लुटामेटला वळू देत नाही, कप्पा होत नाही, आणि ऑसेलटामिवीर शेकडो पटींनी सैल पडतं. झानामिवीरला मात्र फरक पडत नाही, कारण त्याचं शेपूट मूळ सियालिक आम्लासारखंच ग्लिसरॉलचं आहे. त्याला कुणी वळावं लागत नाही. या विषयात मला शिकायला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही: तुझा रेणू नैसर्गिक सबस्ट्रेटपेक्षा, म्हणजे एन्झाइम मुळात ज्याच्यावर काम करतं त्यापेक्षा, जिथे जिथे वेगळा होतो, तिथे तिथे तू विषाणूला एक दार उघडून देतोस. सबस्ट्रेटसारखं राहिलेल्या भागाविरुद्ध बदलायचं तर विषाणूला स्वतःचं कामही बिघडवावं लागतं. वेगळ्या भागाविरुद्ध बदलायला त्याला फुकट मिळतं, किंवा फार स्वस्त.

स्वस्त म्हणालो, कारण सुरुवातीला सगळे निश्चिंत होते. प्रयोगशाळेत हा बदल असलेले विषाणू अशक्त दिसायचे, ते पसरणार नाहीत असं वाटायचं. मग २००७-०८ च्या हिवाळ्यात नॉर्वेत ते मोठ्या प्रमाणावर सापडले, आणि नॉर्वेत टॅमिफ्लूचा वापर अगदी थोडा होता. पुढच्या हंगामात त्या वेळचा नेहमीचा एच१एन१ जगभर जवळपास सगळाच प्रतिकारक झाला. न्यूरामिनिडेजमध्ये दुसरीकडे झालेल्या एक-दोन बदलांनी त्याचा अशक्तपणा भरून काढला होता. २००९ मध्ये डुकरांच्या वंशातला नवा एच१एन१ आला, तो ऑसेलटामिवीरला संवेदनशील होता, हे आपलं नशीब. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला. आपल्याकडे घरटी कुणी ना कुणी पुण्याला असतंच, त्या आठवड्यात शहापूरच्या गल्लीत पुण्याहून आलेल्या माणसाच्या घरी शेजारी पाय ठेवेनात. आईने माझ्या खिशात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी कोंबली होती, आणि त्याच खिशात माझ्या कामाची वही होती, तिच्यात २७५ क्रमांकाभोवती लाल गोल.

आता पीएबद्दल. घे, पण समजून घे. पीए, पीबी१ आणि पीबी२ हे विषाणूचा संदेश लिहिणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमचे तीन भाग. फ्लूच्या विषाणूला स्वतःच्या एमआरएनएला टोपी, म्हणजे सुरुवातीच्या टोकावरची रासायनिक खूण, घालता येत नाही, आणि टोपीशिवाय पेशी तो संदेश वाचत नाही. म्हणून तो आपल्या पेशीच्या एमआरएनएची टोपी चोरतो: पीबी२ टोपी धरतं, पीए तिच्यापुढे दहा-तेरा न्यूक्लिओटाइडवर काप देतं, आणि पीबी१ त्या तुकड्यापुढे विषाणूचा संदेश जोडत जातं. कापणारा भाग पीएच्या पुढच्या टोकाला आहे हे २००९ मध्ये दोन गटांनी रचना काढून दाखवलं, तोवर बहुतेकांचा संशय पीबी१ वर होता. आपल्या पेशीत असली टोपीचोरी चालत नाही, म्हणून हे लक्ष्य सुरेख आहे.

या कात्रीच्या खोबणीत मँगनीजचे दोन आयन बसलेले असतात, आणि कापण्याचं काम खरं तर तेच करतात. शिओनोगीने एचआयव्हीच्या इंटिग्रेजवर डोल्युटेग्राविर घडवताना दोन धातूंना एकदम तीन ऑक्सिजननी धरण्याची युक्ती वापरली होती. तीच इकडे आणून त्यांनी बालोक्झाविर केलं, जपानमध्ये २०१८ मध्ये मंजूर झालं. रक्तात ते इतकं टिकतं की एकच डोस पुरतो. धातू धरणारं औषध म्हणजे दूध, कॅल्शियम, अँटासिड यांच्यासोबत घ्यायचं नाही, नाहीतर पोटातच कॅल्शियमला धरून बसतं. आपल्याकडे गोळी गरम दुधाबरोबर द्यायची घराघरातली सवय, तेव्हा फार्मसीवाल्या मुलीने हे पाठच ठेवावं.

पळवाट इथेही तिथेच सापडली जिथे रेणू गरजेपलीकडे पसरला होता. धातू बदलणं विषाणूला शक्य नाही. पण बालोक्झाविरचं तेलकट अंग ३८ क्रमांकाच्या आयसोल्युसिनवर टेकतं, आणि ते थ्रिओनिन झालं की पकड पन्नासेक पट सैल होते. पहिल्या मोठ्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी जवळपास १० टक्क्यांत या जागी बदल दिसला, जपानी मुलांच्या चाचणीत २३ टक्क्यांच्या आसपास.

तू पीए डॉक करशील तेव्हा एवढं पाळ: रचना साफ करताना “पाणी आणि इतर अणू काढा” हे बटण डोळे मिटून दाबू नकोस. मँगनीज काढलेस की उरते ती नुसती रिकामी दगडी खाच, आणि तिच्यात काहीही बसतं. धातूची पकड वीनाला नीट मोजता येत नाही हेही खरं, तेव्हा तिथे स्कोअरवर आणखीच कमी भिस्त. न्यूरामिनिडेजमध्येही खोबणीजवळ कॅल्शियमचा आयन आहे, तो रचनेला आधार देतो. तो ठेव. रुटिनसारखे कॅटेकॉलवाले (वलयावर शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेले) रेणू मँगनीजला धरतील, हे मी न डॉक करता सांगतो. ते अनेक धातूंना धरतात, आपल्या शरीरातल्या लागणाऱ्या धातूंनाही. तो निवडीचा गुण नव्हे.

पॉलिमरेजवरच्या बाकीच्या प्रयत्नांबद्दल थोडक्यात: फाविपिराविर पेशीत जाऊन न्यूक्लिओटाइडसारखं रूप घेतं आणि पीबी१ ला फसवतं, पण प्राण्यांच्या गर्भात व्यंग आणतं म्हणून जपानने २०१४ मध्ये फार मर्यादित परवानगी दिली. कोविडमध्ये आपल्याकडे ते खूप खपलं, तो वेगळा विषय. पिमोडिवीर पीबी२ च्या टोपी धरणाऱ्या खाचेत बसायचं, २०२० मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्या थांबल्या.

आता चाचणी, म्हणजे तुझ्या कामाचा खरा भाग. न्यूरामिनिडेजची नेहमीची पद्धत मुनाना. सियालिक आम्लाला मेथिलअंबेलिफेरोन जोडलेलं असतं, एन्झाइमने कापलं की ते सुटतं आणि अतिनील प्रकाशात निळं चमकतं. रेणूने एन्झाइम अडवलं तर चमक कमी. यात तीन खड्डे आहेत. रुटिनसारखे फ्लेव्होनॉइड स्वतःच त्या प्रकाशाला शोषतात किंवा चमक विझवतात, मग एन्झाइम चालू असतानाही ते बंद दिसतं. नुसतं मेथिलअंबेलिफेरोन घालून, त्यात तुझा रेणू टाकून चमक आधी बघ. दुसरा खड्डा गुठळ्यांचा. पाण्यात नीट न विरघळणारे रेणू सूक्ष्म गोळे करतात आणि एन्झाइमला अंगावर चिकटवून निकामी करतात. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० टाकल्यावर परिणाम नाहीसा झाला तर तो रेणूचा गुण नव्हता, गुठळीचा होता. हे मला फार महागात शिकायला मिळालं. एका कंपनीत आम्ही एका रेणूमागे आठ महिने घालवले, त्याचे साठ-सत्तर भाऊबंद बनवले, आकडे दर महिन्याला सुधारत होते. नव्याने आलेल्या एका मुलीने एका शुक्रवारी ट्रायटनचा थेंब घातला आणि प्लेटवरचे सगळे रकाने कंट्रोलसारखे चमकायला लागले. त्या निळ्या प्लेटकडे बघत आम्ही सहाजण बराच वेळ बोललोच नाही. ती चाचणी दुसऱ्या दिवशी करायची होती, आठ महिन्यांनी नव्हे.

तिसरा खड्डा सगळ्यात जास्त माणसं गिळतो. विषाणूचं एन्झाइम महाग म्हणून बाजारातलं क्लॉस्ट्रिडियमचं सियालिडेज घेतात. तेही सियालिक आम्ल कापतं, पण त्याची खोबण वेगळी आहे, आणि झानामिवीर, ऑसेलटामिवीर त्याला फारसं अडवत नाहीत. त्यावर चाललेला रेणू फ्लूवर चालेल असं म्हणता येत नाही. रीकॉम्बिनंट एन१ किंवा एन२ थोडं मिळवायचा प्रयत्न कर. विद्यापीठाच्या निधीत ते बसतं, मात्र गाइडकडून वेळेत मागणी घालून घे. सोबत कंट्रोल म्हणून ऑसेलटामिवीर कार्बोक्झिलेटच मागव, फॉस्फेट, म्हणजे कॅप्सूलमधलं एस्टर रूप, नको. जिवंत विषाणूवरचं काम त्यानंतरचं, आणि ते योग्य सुरक्षापातळीच्या प्रयोगशाळेतच, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठिकाणी. कॉलेजच्या लॅबमध्ये ते कुणी सुचवलं तरी करायचं नाही.

आणि समजा, सगळ्या चाचण्यांतून रुटिन खरंच पास झालं. तरी ते पोटातून जायचं आहे. आतड्यातले जिवाणू त्याची साखर तोडतात, उरतं क्वेर्सेटिन, आणि ते आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात ग्लुकुरोनाइड, सल्फेट चढून निकामी होतं. फुफ्फुसापर्यंत रुटिन म्हणून जवळजवळ काही पोचत नाही. चक्रीफुलाबद्दलही तू ऐकलं असशील. टॅमिफ्लू बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल त्यातून काढायचे, हे खरं. पण शिकिमिक आम्लापासून ऑसेलटामिवीर व्हायला अनेक रासायनिक पायऱ्या लागतात. बिर्याणीच्या मसाल्यात टॅमिफ्लू नसतं, आणि चक्रीफुलाचा काढा फ्लू थांबवत नाही. हे गावाकडे स्पष्ट सांग, तुझं ऐकतील.

वेळेचीही एक मर्यादा आहे. फ्लूचा विषाणू पहिल्या दोन-तीन दिवसांत शिखरावर असतो, म्हणून औषध लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत द्यावं म्हणतात. तसं दिलं तरी धडधाकट मोठ्या माणसाचा आजार सरासरी एक दिवसही पुरता कमी होत नाही. गरोदर बाई, म्हातारी माणसं, दमेकरी यांना मात्र उशीर झाला तरी डॉक्टर देतात, आणि द्यावं. २०१७ पर्यंत ऑसेलटामिवीर शेड्यूल एक्स या विक्रीवर कडक बंधनं असलेल्या यादीत होतं, बहुतेक दुकानांत मिळायचंच नाही. आता एच१ मध्ये आहे, चिठ्ठीवर मिळतं. तरी आषाढात ताप आला की आधी चार दिवस अँटिबायोटिक आणि सलाईन होतं, मग पाचव्या दिवशी बेळगाव गाठतात. चांगला रेणू घडवणं आणि तो दुसऱ्या दिवशी नंदगडच्या माणसाच्या हातात असणं, ही दोन्ही कामं फार्मसीचीच आहेत.

तर तुझ्या प्रकल्पाचं काय? प्रश्न छोटा कर. चाळीस रेणूंची शर्यत सोड. २एचयू४ ही एन१ आणि ऑसेलटामिवीरची एकत्र रचना घे, त्यातलं औषध बाहेर काढून परत बसव, आणि ते मूळ जागी दोन अँग्स्ट्रॉमच्या आत येतं का ते बघ. येत नसेल तर बाकी काहीही मोजायचं नाही. मग २७५ वर हिस्टिडिन आणि टायरोसिन अशा दोन्ही रचनांवर झानामिवीर आणि ऑसेलटामिवीर बसवून बघ, ग्लुटामेटला मोकळं हलू देऊन. जगाला माहीत असलेला फरक तुझ्या संगणकाला दिसतो की नाही, हाच एक प्रामाणिक प्रबंध होतो. त्यानंतर चाळिसांतले लहान रेणू घे, ज्यांना एखादं कार्बोक्झिलेट आहे आणि जे सियालिक आम्लाच्या आकाराबाहेर फार जात नाहीत. त्यातले दोन-तीन मुनानावर, ट्रायटनसह. आयसीएमआरची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आपल्या बेळगावातच आहे. वनस्पतीचा अर्क शुद्ध करणं, त्यातलं नेमकं काय मोजतोय ते ठरवणं, याबद्दल गाइडना सांगून तिथे रीतसर पत्र घाल.

येताना कॉन्फिग फाइल आणि एन्झाइमची तयार केलेली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ये. ग्रिड बॉक्सचा मध्य कुठे धरलास आणि कॅल्शियम आत आहे की नाही, ते आधी बघूया.